बातमीच्या वेषातली जाहिरात

वर्तमानपत्रात बातमी आणि जाहिरात शेजारी शेजारी छापलेली असली, तरी वाचक दोन्ही एकाच नजरेने वाचत नाही. जाहिरात देणारा आपला माल विकायला बसला आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्यातला बराचसा मजकूर तो मनातल्या मनात वजा करून टाकतो. बातमी वाचताना ही वजाबाकी होत नाही. लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ नाही, त्याने चौकशी केली आहे आणि चुकले तर संपादक जाब देईल, असे वाचक धरून चालतो. जनमत हवे तसे वळवू पाहणाऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत सर्वाधिक कष्ट घेतले ते वाचकाचा हा विश्वास वापरून घेण्यासाठी. धादांत खोटे छापणे हा त्यातला कच्चा मार्ग आहे, कारण खोटे आज ना उद्या उघडे पडते. पक्का मार्ग वेगळा आहे. मजकूर खरा असो, अर्धवट असो की फुगवलेला असो, तो कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सांगण्यावरून आला एवढे लपवले की पुरते. महाराष्ट्राला हा प्रकार २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ या नावाने माहीत झाला. त्याचे तंत्र मात्र त्याच्या फार आधी अमेरिकेत तयार झाले होते.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सामान्य अमेरिकी माणसाला युरोपातल्या युद्धाशी फारसे देणेघेणे नव्हते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली एक जनमाहिती समिती नेमली. तिने वर्तमानपत्रांना तयार बातम्या पुरवल्या, भित्तिपत्रके काढली आणि सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले. हे वक्ते चित्रपटगृहात रीळ बदलायला लागणाऱ्या चार मिनिटांत युद्धाच्या बाजूने भाषण करत. लोकांना ते सरकारी अधिकारी वाटत नसत. बोलणारा गावातलाच वकील, शिक्षक किंवा दुकानदार असे आणि समितीची खरी ताकद त्यातच होती. याच समितीत काम केलेल्या एडवर्ड बर्नेज या तरुणाने युद्धानंतर ही रीत व्यापाराच्या सेवेला लावली.

बर्नेज हे मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. १९२० च्या दशकात एका कंपनीला डुकराच्या मांसाचा म्हणजे बेकनचा खप वाढवायचा होता. ‘आमचे बेकन खा’ अशी जाहिरात करण्याऐवजी बर्नेज यांनी एका डॉक्टरकरवी सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्र पाठवून विचारले, की सकाळची न्याहारी हलकी असावी की भरपेट? सुमारे ४,५०० डॉक्टरांनी भरपेट न्याहारीच्या बाजूने उत्तर दिले आणि ती देशभर बातमी झाली. बेकन आणि अंडी हा भरपेट न्याहारीचा नमुना म्हणून पुढे आला. डॉक्टर खरे होते आणि त्यांचे मतही खरे होते. तो प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारायला लावला, एवढेच वाचकाला कळले नाही. ३१ मार्च १९२९ रोजी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर काही तरुणी उघडपणे सिगारेट ओढत चालल्या. स्त्रीस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून त्याच्या बातम्या झळकल्या. त्यामागे अमेरिकन टोबॅको कंपनी आणि तिचे सल्लागार बर्नेज होते, हे तेव्हा बातमीत नव्हते.

सिगारेट कंपन्यांनी पुढे याच तंत्राचा जो वापर केला, त्याची किंमत असंख्य माणसांनी जिवाने मोजली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले. डिसेंबर १९५३ मध्ये मोठ्या कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेचा सल्ला घेतला. अभ्यास खोटा ठरवता येणार नव्हता, पण त्याबद्दल शंका मात्र जिवंत ठेवता येणार होती. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक अमेरिकी वर्तमानपत्रांत एक निवेदन झळकले. त्याखाली संशोधन समिती म्हणवणाऱ्या एका नव्या मंडळाचे नाव होते. ही समिती कंपन्यांनीच उभारलेली होती. तिथून पुढे कित्येक वर्षे धूम्रपानावर बातमी करणाऱ्या वार्ताहराला ‘दुसरी बाजू’ सांगणारा शास्त्रज्ञ तयार मिळत असे. दोन्ही बाजू छापण्याचा पत्रकारितेतला चांगला नियमच इथे हत्यार बनला. एका बाजूला पुरावा होता आणि दुसऱ्या बाजूला पैसा होता, पण छापील पानावर दोघांना सारखीच जागा मिळत होती. कंपन्यांची आतली कागदपत्रे १९९० च्या दशकात न्यायालयांतून बाहेर आली, १९९८ च्या तडजोडीत ते संशोधन मंडळ गुंडाळावे लागले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने कंपन्यांनी लोकांची दीर्घकाळ फसवणूक केल्याचा निर्णय दिला. पहिल्या निवेदनापासून या निकालापर्यंत ५२ वर्षे गेली.

आखाती युद्धाआधीचे उदाहरण याहून थेट आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे नायिरा एवढ्याच नावाने ओळख करून दिलेल्या १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून अपुऱ्या दिवसांच्या बालकांना काचपेटीतून काढून जमिनीवर मरायला सोडले, असे तिने रडत सांगितले. तिच्या कुटुंबाला धोका आहे असे कारण देऊन तिचे आडनाव सांगितले गेले नाही. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर गेली, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या भाषणांत हा प्रसंग वारंवार सांगितला आणि सिनेटमधल्या चर्चेतही तो आला. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या लष्करी कारवाईला मान्यता दिली. त्यानंतर वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये पत्रकार जॉन मॅकआर्थर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये उघड केले, की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती. साक्षीची तयारी हिल अँड नोल्टनने करून घेतली होती आणि या संस्थेला काम देणाऱ्या ‘नागरिकांच्या’ मंडळाचा जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारकडून आला होता. काचपेट्यांच्या त्या कहाणीला युद्धानंतरच्या चौकशीत आधार सापडला नाही. इराकी सैन्याचे कुवेतमधले अत्याचार खरे होते आणि त्यांचे पुरावेही होते, ही यातली आणखी वाईट गोष्ट. साक्ष देणारी राजदूताची मुलगी आहे, हे एक वाक्य त्या दिवशी सांगितले गेले असते तर ऐकणाऱ्यांनी तिची कहाणी निराळ्या कानांनी ऐकली असती.

स्रोत लपवण्याला इतके महत्त्व का, याचे एक उत्तर १९५१ साली येल विद्यापीठातल्या कार्ल होवलंड आणि वॉल्टर वाइस यांच्या प्रयोगातून मिळाले होते. एकच लेख काहींना विश्वासार्ह स्रोताच्या नावाने आणि काहींना अविश्वसनीय स्रोताच्या नावाने वाचायला दिला. वाचल्यावर लगेच विचारले तेव्हा पहिल्या गटाची मते जास्त बदललेली दिसली. चार आठवड्यांनी मात्र हा फरक उरला नव्हता. माणसांना मजकूर आठवत होता आणि तो कोणी सांगितला याच्याशी त्याची सांगड सुटली होती. म्हणजे स्रोत उघड असतानाही स्मरणात तो मजकुरापासून अलग होतो. तो मुळातच दडवला असेल तर वाचकाकडे वजाबाकी करायला पहिल्या दिवशीही काही उरत नाही.

भारतातल्या छपाईच्या कायद्याने मात्र सुरुवातीपासून नावाचा आग्रह धरला. १८६७ च्या पीआरबी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. इंग्रज सरकारचा हेतू लिहिणाऱ्यावर पाळत ठेवण्याचा होता, पण त्यातून वाचकाला एक हक्कही मिळाला. मजकुराला जबाबदार कोण, हे त्याला कळू लागले. मराठी वर्तमानपत्रांची पुण्याई याच जबाबदारीतून उभी राहिली. केसरीतल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांनी १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा भोगली आणि दुसऱ्या वेळी ते ६ वर्षांसाठी मंडालेला गेले. छापलेल्या शब्दामागे शिक्षा सोसायला तयार असलेला माणूस उभा आहे, हे महाराष्ट्राने पाहिले होते. ‘पेपरात आलंय’ हे शब्द खेड्यापाड्यांत पुरावा म्हणून वापरले जात ते त्यामुळेच. पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणावर आहे, ही ओळ २०२४ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिसत असे.

हा विश्वास विकायला कसा निघाला, हे समजण्यासाठी वर्तमानपत्राचा हिशोब पाहावा लागतो. अंकाच्या किमतीतून कागदाचा आणि छपाईचा खर्चही निघत नाही. तो भरून निघतो जाहिरातीतून. जिल्हा आवृत्त्या वाढल्या तशी तालुक्याच्या वार्ताहरावर जाहिराती आणण्याची जबाबदारी आली. त्याला पगार नाही, मिळाले तर तुटपुंजे मानधन, आणि जाहिरातीवर कमिशन. ज्या पुढाऱ्याची, कारखान्याच्या अध्यक्षाची किंवा शिक्षणसम्राटाची बातमी लिहायची, त्याच्याच दारात वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायला जायचे. अशा माणसाकडून त्या पुढाऱ्याविरुद्ध बातमीची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दोष त्याच्या पगाराची सोय न करणाऱ्या व्यवस्थेचा आहे. वरच्या पातळीवर वेगळेच व्यवहार चालू होते. काही माध्यम कंपन्यांनी जाहिरातीच्या बदल्यात उद्योगांचे समभाग घ्यायला सुरुवात केली होती. ज्या कंपनीत आपलीच भागीदारी तिच्याविषयी बातमी कशी द्यायची, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २००९ मध्ये वर्तमानपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलला पत्र लिहून अशी भागीदारी वाचकांपुढे उघड करण्याचा आग्रह धरला.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. प्रचाराच्या दिवसांत उमेदवारांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘पॅकेज’. पॅकेज घेतले की प्रचारफेरीची बातमी, मुलाखत, कार्याचा आढावा, छायाचित्रे, असे सगळे ठरलेल्या दराने मिळत असे. विरोधकावर टीका छापायची असेल तर त्याचा दर वेगळा. पॅकेज न घेणाऱ्याला बदनाम करण्याची गरजच पडत नसे, त्याच्याविषयी काही छापलेच जात नसे. ही शांतता मतदाराला दिसत नाही, म्हणून ती सर्वांत घातक ठरते. छापलेली खोटी स्तुती निदान कोणी तपासू शकतो. न छापलेला उमेदवार मात्र मतदाराच्या लेखी अस्तित्वातच नसतो. पैसा नसलेले अपक्ष, छोटे पक्ष, चळवळीतले कार्यकर्ते यांची अडचण नेमकी इथे झाली.

पत्रकार पी. साईनाथ यांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘द हिंदू’तून हे प्रकरण देशापुढे मांडले. त्यांनी वर्तमानपत्रांच्या फायली समोर ठेवल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा एकच मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः तसाच छापलेला होता. ‘अशोकपर्व’ अशा मथळ्याची पानेच्या पाने रंगीत निघाली होती आणि त्यावर जाहिरात असा शब्द नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून निवडून आलेल्या चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवले होते. उमेदवाराला खर्चाची मर्यादा तेव्हा १० लाख रुपये होती. आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, अशी चव्हाण यांची भूमिका होती आणि पैसे घेतल्याचा आरोप वर्तमानपत्रांनीही फेटाळला.

चव्हाण यांचे पराभूत प्रतिस्पर्धी माधव किन्हाळकर यांची तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली आणि तिथून वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरली. उमेदवाराने दाखल केलेला हिशोब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे का, असा मूळ मुद्दा होता. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार आहे असे स्पष्ट केले. या प्रकरणाचे टिकून राहिलेले फळ म्हणजे हा निर्णय. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांचा हिशोब नियमाप्रमाणे नसल्याचे ठरवून त्यांना नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ती कारवाई रद्द केली. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २००७ च्या निवडणुकीतल्या अशाच मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये ३ वर्षांसाठी अपात्र ठरवले होते. मध्य प्रदेशचे तेव्हाचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले, पण पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही.

या निकालांमागे एक खरी अडचण आहे. व्यवहार रोखीत होतो, पावती नसते आणि देणारा व घेणारा दोघेही नाकारतात. पानावर दिसते ती फक्त स्तुती, आणि स्तुती छापणे हा गुन्हा नाही. एखाद्या संपादकाला एखादा नेता मनापासून आवडू शकतो आणि ते लिहिण्याचे स्वातंत्र्य त्याला असलेच पाहिजे. खर्च उमेदवाराने केला किंवा त्याच्या संमतीने झाला, हे सिद्ध करावे लागते. ते बाहेरच्या माणसाला जवळजवळ अशक्य असते.

वर्तमानपत्रांच्या स्वनियमनाचे काय झाले, हेही लक्षात राहण्यासारखे आहे. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. त्यांनी तक्रारदारांचे जबाब घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला आणि त्यात वर्तमानपत्रांची नावे घेतली. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने नावे वगळून छोटा अहवाल प्रसिद्ध केला. मूळ दस्तऐवज लोकांसमोर यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पैशाने विकत घेतलेल्या मजकुराचा स्रोत लपवण्याविरुद्धच्या चौकशीतच नावे लपवली गेली. या संस्थेच्या इतिहासातला हा दुबळा क्षण होता. कौन्सिलच्या हातात कायद्याने फारसे काही नाहीच. ती समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही, आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेबाहेर आहे.

निवडणूक आयोगाने २०१० पासून जिल्हा पातळीवर नजर ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. तिचे आजचे रूप म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात बसणारी माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती. समितीतली माणसे रोजचे सगळे अंक चाळतात, वाहिन्या पाहतात आणि संशयास्पद मजकूर बाजूला काढतात. खुणा ठरलेल्या आहेत. प्रतिस्पर्धी दैनिकांत वेगवेगळ्या नावांखाली एकच मजकूर, छोट्या सभेला अवास्तव जागा, समाजाच्या प्रत्येक घटकाचा पाठिंबा एकाच उमेदवाराला असल्याचा दावा. सर्वांत बोलकी खूण म्हणजे एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांच्या दोन बातम्या, आणि दोन्हींत विजय निश्चित. मजकूर संशयास्पद ठरला की उमेदवाराला नोटीस जाते आणि ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर त्या जागेचा जाहिरात दराने हिशोब करून ती रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. पैसे दिल्याचे सिद्ध करण्याच्या फंदात न पडता छापलेल्या जागेचीच किंमत लावण्याची ही युक्ती शहाणपणाची आहे.

आता मजकुराचा मोठा भाग कागदावरून मोबाइलवर गेला आहे. तिथे पहिला बोलणारा दिसत नाही, दिसतो तो फक्त पुढे पाठवणारा, आणि तो बहुधा भाऊ, मावशी किंवा शाळेतला मित्र असतो. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फिरल्या. त्यांतली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती. हे जनजागृतीसाठी केलेले नाट्य आहे असे सांगणारा तिचा शेवटचा भाग कोणीतरी कापला होता. त्याच अफवांच्या काळात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी ५ ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा आणली. संदेश फिरवलेला आहे एवढे त्या खुणेवरून समजते, तो निघाला कुठून हे समजत नाही. निवडणूक आयोगाने २०१३ पासून उमेदवारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती आणि तिथला खर्च जाहीर करायला लावले आहे. पण उमेदवाराचे नाव न घेता त्याच्यासाठी चालणारी पाने आणि गट त्या हिशोबात येत नाहीत.

विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये २५५ व्या अहवालात पेड न्यूजची व्याख्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात घालून तो निवडणूक गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. त्याआधी मे २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही या विषयावर अहवाल दिला होता. कायद्यात तो बदल झाला नाही. भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव नसेल तर त्याच कायद्याचे १२७ अ हे कलम तुरुंगवासाची तरतूद करते, पण पैसे घेऊन छापलेल्या बातमीसाठी अशी तरतूद नाही. खर्चाचा हिशोबही कायद्याने उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतच मागितला जातो. त्याआधीच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, कार्यगौरवाची पाने आणि प्रायोजित मुलाखती यांची कोणतीही समिती नोंद ठेवत नाही.